मायक्रोऑब्झर्व्हेटरी : ॲरिझोनातली दुर्बीण साताऱ्याच्या वर्गात चालते का? वापरून लिहिलेला रिव्ह्यू

आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांना पुढचं वाचायला नको. मायक्रोऑब्झर्व्हेटरी, म्हणजे इंटरनेटवरनं फोटो मागवायच्या अमेरिकेतल्या छोट्या दुर्बिणी, ही शाळेत वापरण्यासारखी गोष्ट आहे, फुकट आहे आणि आपल्याकडच्या रडक्या नेटवरही चालते. माझ्याकडून पाचातले साडेचार. अर्धा कुठं कापला ते खाली येईलच. पण नुसते मार्क देऊन उपयोग नाही, कारण ह्याच्या आधी आम्ही एक लाइव्हवालं प्रकरण पण करून बघितलंय आणि त्यानंतर माझं जे मत झालंय ते बऱ्याच जणांना उलटं वाटेल, ते म्हणजे लांबून चालवायच्या यंत्रांमध्ये आपल्या शाळांना लाइव्हपेक्षा रांगेतलं यंत्र बरं, म्हणजे काम सांगून ठेवायचं आणि नंबर आला की ते करून पाठवतं असलं. कसं ते सांगते, थोडं लांबण लागेल.

मी साताऱ्याच्या पश्चिमेकडच्या एका हायस्कूलला विज्ञान शिकवते, नववी-दहावी. कासच्या बाजूचा पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको की जून ते सप्टेंबर आमच्याकडं आकाशदर्शन वगैरे विसरायचं, चंद्र दिसला तरी पोरं ओरडतात. प्रयोगशाळा म्हणाल तर दोन मायक्रोस्कोप, त्यातला एक धुरकट, परीक्षानळ्या, एक मानवी सांगाडा ज्याचा डावा हात सुतळीनं बांधलाय, आणि कपाटात कुठल्यातरी योजनेतनं आलेली छोटी दुर्बीण जिच्या स्टँडचा स्क्रू कधीचा हरवलाय. स्मार्टबोर्ड मात्र आहे. स्मार्टबोर्ड सगळ्यांकडं असतो हो आजकाल.

नववीच्या पुस्तकात शेवटचा धडा आहे दुर्बिणींचा. शेवटचा म्हणजे फेब्रुवारीत येतो, तेव्हा सगळे पोर्शन संपवायच्या मागं, त्यामुळं हा धडा शिकवला जात नाही, उरकला जातो. अपवर्तक दुर्बीण, परावर्तक दुर्बीण, आकृती काढा, नावे द्या, झालं. पोरांनी कधी दुर्बिणीला डोळा लावलेला नसतो. मला ह्या धड्याची चीड होती म्हणून मी शोधायला लागले आणि हे सापडलं.

तर हे आहे काय. अमेरिकेतलं हार्वर्ड-स्मिथसोनियनचं जे खगोलभौतिकी केंद्र आहे त्यांनी १९९० च्या दशकात खास शिक्षणासाठी म्हणून छोट्या दुर्बिणी बनवल्या, ज्या इंटरनेटवरनं सांगितलेलं काम माणसाचा हात न लागता करतात. छोट्या म्हणजे खरंच छोट्या, आरसा सहा इंचांचा, उंची साधारण तीन फूट, आमच्या पाचवीच्या पोराच्या छातीला लागेल एवढी. ॲरिझोनात टक्सन शहराच्या दक्षिणेला व्हिपल वेधशाळा आहे, तिथं ह्या बसवल्यात. वाळवंटी भाग, कोरडी हवा, ढग कमी. तुम्ही साइटवर जायचं, काय बघायचंय ते यादीतनं निवडायचं, किती सेकंद उजेड गोळा करायचा ते ठरवायचं, कुठला फिल्टर लावायचा ते ठरवायचं, ई-मेल द्यायचा आणि गप बसायचं. रात्री तिकडची दुर्बीण तुमचा नंबर आला की तिकडं वळते, फोटो काढते, आणि एक-दोन दिवसांत मेलवर लिंक येते. गिरणीत दळणाचा डबा ठेवून यायचं आणि दुसऱ्या दिवशी पीठ आणायला जायचं, तसा कारभार. अकाउंट काढा, पासवर्ड लक्षात ठेवा, ओटीपी टाका, असलं काही नाही.

आता कुणी म्हणेल, मग ह्यात मजा काय, दुर्बीण हलताना दिसत नाही, डोळा लावायचा नाही, फोटो तर गूगलवर हबल ह्या अवकाशातल्या दुर्बिणीचे ह्याच्यापेक्षा शंभरपट चांगले मिळतात. मला पण आधी असंच वाटलं होतं. आमच्या हेडसरांचा तर पहिला प्रश्न तोच होता, "मॅडम, हा फोटो असा अंधुक का, नासाचा लावा की बोर्डावर."

मजा कुठं आली ते सांगते. ह्या हिवाळ्यात गुरू रात्रभर वर होता म्हणून मी वर्गाचे गट पाडले आणि सांगितलं, सगळ्यांनी गुरूच मागवायचा, पण किती सेकंदाचा ते तुमचं तुम्ही ठरवा, आणि का ते वहीत आधी लिहा. मग सुरू झाला गोंधळ. एका गटाचं म्हणणं, गुरू एवढा चकचकीत आहे की कमीत कमी वेळ पाहिजे. दुसऱ्या गटानं हट्टानं खूप जास्त टाकला, का तर "जास्त वेळ म्हणजे जास्त दिसणार ना मॅडम." मी काही बोलले नाही. दोन दिवसांनी मेल आले. कमी वेळवाल्यांना एक छोटा गोल ठिपका, नीटनेटका, आणि आजूबाजूला काळं. जास्त वेळवाल्यांचा गुरू म्हणजे पांढरा फटक गोळा, कडेनं फाकलेला, आणि पहिल्या गटातनं लगेच आवाज, "ह्यांचा गुरू करपला!" सगळा वर्ग हसला. मग मागच्या बाकावरच्या एकीनं विचारलं की त्या करपलेल्याच्या शेजारी हे बारीक ठिपके कसले, एका ओळीत आहेत.

ते गुरूचे चंद्र. गॅलिलिओनं १६१० च्या जानेवारीत बघितले तेच. गुरू नीट पाहिजे तर चंद्र जातात आणि चंद्र पाहिजेत तर गुरू करपतो, दोन्ही एका फोटोत येत नाही, हे मी फळ्यावर शंभर वेळा लिहून दिलं असतं तरी कुणाच्या डोक्यात शिरलं नसतं. आणि ज्यांचा फोटो "चुकला" होता त्यांच्याच फोटोत जास्त माहिती निघाली, त्यावरनं दोन गटांचं जे भांडण झालं की कुणाचा फोटो बरोबर, ते पुढच्या तासालाही संपलं नाही, इंग्रजीच्या सरांनी येऊन तक्रार केली.

हे गूगलवरच्या फोटोत होत नाही. तिथं कुणीतरी आधीच ठरवलेलं असतं.

मग आम्ही रोज गुरू मागवायला लागलो आणि ठिपके सरकताना दिसले. आयो गुरूभोवती १.७७ दिवसांत फिरतो, युरोपा ३.५५, गॅनिमीड ७.१५ आणि कॅलिस्टो १६.६९ दिवसांत, म्हणजे पहिल्या तिघांचं जवळजवळ एकास दोनास चार बसतं. कुठला ठिपका कुठला हे ओळखायला पोरांना आधी जड गेलं, दोन जण एकमेकांच्या पुढं-मागं आले की तीनच दिसतात, मग "एक हरवला" अशी बोंब. दहावीच्या पहिल्याच धड्यात केप्लरचा तिसरा नियम आहे, काळाचा वर्ग अंतराच्या घनाशी समप्रमाणात, तो मी ह्यावर घेतला. गॅनिमीड गुरूपासून सुमारे १०.७ लाख किलोमीटरवर आणि कॅलिस्टो १८.८ लाखावर. काळांचं गुणोत्तर काढून वर्ग करा, अंतरांचं गुणोत्तर काढून घन करा, दोन्हीकडनं साडेपाचच्या आत-बाहेर येतं. दहावीतला एक पोरगा जो गणिताच्या तासाला खिडकीतनं बाहेर बघत बसतो त्यानं हे करून दाखवलं आणि वर म्हणाला, "मॅडम, जुळतंय की ओ." त्याच्या आवाजात आश्चर्य होतं, म्हणजे इतकी वर्षं त्याला वाटत होतं की पुस्तकातलं काही खऱ्या जगात जुळायचं नसतंच.

वेळेचं गणित फार सोयीचं आहे आणि हे कुणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहिते. ॲरिझोना आपल्यापेक्षा साडेबारा तास मागं. आमची शाळा अकराला भरते तेव्हा तिकडं रात्रीचे साडेदहा. म्हणजे आपण प्रार्थना म्हणत असतो तेव्हा दुर्बीण कामाला लागलेली असते. पोरांना हे लय आवडलं, एकजण रोज हजेरीच्या वेळी विचारायचा, "आत्ता आपला नंबर चालू असंल का?"

मृगाचा किस्सा पण सांगितला पाहिजे. ह्या दुर्बिणीनं सगळ्यात भारी येतो तो मृगातला तेजोमेघ, म्हणजे वायू आणि धुळीचा चमकता ढग, त्रिकांडाच्या म्हणजे ओळीतल्या तीन ताऱ्यांच्या जरा खाली जो धूसर ठिपका दिसतो तो, पृथ्वीपासून सुमारे १,३५० प्रकाशवर्षं. साध्या साठ सेकंदांच्या फोटोतसुद्धा त्याचे पंख पसरलेले दिसतात. मी म्हणाले जूनमध्ये नवीन वर्ग आला की पहिल्यांदा हाच मागवायचा. तर यादीत नाही. यादीत त्या त्या सीझनला रात्री जे वर असतं तेच येतं. एक मुलगी म्हणाली, "पण मॅडम आत्ताच तर मृग लागलं, आमच्यात पेरणीची गडबड चाललीय." आणि तिथं माझ्या लक्षात आलं की हा प्रश्न किती चांगला आहे. शेतकऱ्याचं मृग लागतं म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात जातो, म्हणून तर ते नक्षत्र तेव्हा रात्री दिसूच शकत नाही, सूर्याबरोबरच उगवतं आणि मावळतं. दिसतं ते डिसेंबर-जानेवारीत, शाळूच्या राखणीला जाता तेव्हा. पोरांच्या आज्ज्यांना दोन्ही गोष्टी माहिती असतात पण दोन्ही एकत्र कुणी ठेवलेल्या नसतात. अमेरिकेतल्या दुर्बिणीच्या यादीत एक नाव नव्हतं म्हणून हा तास झाला.

रंगांचं. फोटो काळा-पांढराच येतो. पहिल्यांदा पोरं खट्टू झाली. पण लाल, हिरवा, निळा अशा तीन फिल्टरमधनं तेच तीनदा मागवायचं आणि मग त्यांच्याच साइटवरच्या जेएस नाइन फोर एल नावाच्या साधनात ते तिन्ही एकावर एक चढवायचे, ब्राउझरमध्येच चालतं, काही डाउनलोड लागत नाही. फोटो उघडला की बऱ्याचदा नुसता काळा दिसतो, मग स्केल बदलायचं, लॉगरिदमवर टाकायचं म्हणजे अंधुक भाग उठून दिसतो, आणि काळ्यातनं हळूहळू दीर्घिका वर येते. देवयानी दीर्घिका अशी वर आली तेव्हा, २५ लाख प्रकाशवर्षांवरनं निघालेला उजेड, वर्गात एकजण म्हणाला "हे तर बॅनर बनवतात तसंच झालं." खरंय, फोटोशॉपच आहे, पण निदान आता त्यांना कळलंय की हबलचे रंगीत फोटो पण असेच तीन-चार काळ्या-पांढऱ्यांमधनं बनतात. आमच्या कॉम्प्युटर लॅबच्या जुन्या मशिनवर हे साधन रखडतं जरा. फोनवर बारीक दिसतं. स्मार्टबोर्डवर चांगलं.

आता अर्धा मार्क का कापला. फोटो लहान येतो, साधारण ६५० बाय ५०० पिक्सेल, त्यामुळं ग्रहांसाठी ही दुर्बीण नाहीच हे समजून घ्या. शनी मागवून कडी बघायची आशा धरलीत तर पोरं नाराज होतील. चंद्र, तेजोमेघ, तारकागुच्छ, दीर्घिका ह्यासाठी ठीक. यादीबाहेरचं मनाला येईल ते मागवता येत नाही. आणि सगळं इंग्रजीत. मी एका पानाची मराठी चिठ्ठी करून भिंतीला लावलीय, कुठलं बटण कशाचं, दीर्घिका कशाला म्हणतात, एक्स्पोजर म्हणजे काय, त्यावर भागतं, पण माझ्यासारख्या दुसऱ्या कुणी मॅडमला ते शून्यापासून करावं लागू नये असं वाटतं. एवढंच. आणि हो, तिकडं पण पावसाळा असतो! ॲरिझोनातला मान्सून, जुलै-ऑगस्ट. आपल्यासारखा नाही, दुपारनंतर गडगडाट आणि वादळं, पण ढग म्हणजे ढग. मी मोठ्या तोऱ्यात स्टाफरूममध्ये सांगितलं होतं की आपल्याकडं पाऊस असला तरी आपली दुर्बीण वाळवंटात आहे.

बरं, आता लाइव्हवाल्याचं.

ह्याच्या आधी आम्ही एका परदेशी विद्यापीठाचा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप लांबून चालवायचा तास घेतला होता. नाव लिहीत नाही, कारण माणसं अतिशय चांगली होती आणि घोळ झाला त्यात त्यांचा दोष कमीच. ही कल्पना जुनी आहे, इलिनॉय विद्यापीठाच्या बेकमन इन्स्टिट्यूटनं १९९९ मध्ये बगस्कोप म्हणून सुरू केलं होतं, शाळेतली पोरं मेलेले किडे पोस्टानं पाठवायची, तिकडचे लोक ते मायक्रोस्कोपमध्ये ठेवायचे आणि पोरं वर्गातनं ब्राउझरवर ते यंत्र चालवायची, बाजूला चॅटवर शास्त्रज्ञ उत्तरं द्यायला. वाचून मी वेडी झाले होते. म्हटलं आपण पण करू.

पहिली अडचण वेळ. अमेरिकेच्या पूर्वेकडचा भाग आपल्यापेक्षा थंडीत साडेदहा तास मागं. त्यांचे सकाळचे नऊ म्हणजे आपल्या संध्याकाळचे साडेसात. आमची निम्मी पोरं एसटीनं येतात आणि शेवटची गाडी त्याच्या कितीतरी आधी जाते. मुलींना थांबवायचं म्हणजे प्रत्येकीच्या घरी फोन, कुणाचे वडील गाडी घेऊन येणार, कुणाचे येणार नाहीत. शेवटी जवळ राहणारी पोरंच आली, ज्यांना खरी आवड होती त्यातली बरीच गेली. दुसरी अडचण नेट. शाळेची लाइन नेमकी त्या दिवशी गचकली, मग शिपाई मामांच्या फोनचा हॉटस्पॉट, मामा खिडकीत फोन धरून उभे कारण तिथंच रेंज येते. पोरानं माउस डावीकडं नेला की चित्र चार-पाच सेकंदांनी डावीकडं जायचं, तोवर त्यानं आणखी दोनदा नेलेला असायचा, मग मुंगीचं डोकं पार स्क्रीनबाहेर. तिकडचा माणूस शांतपणे परत आणून द्यायचा. असं सारखं.

आणि तिसरी गोष्ट जी मला जास्त खटकली. माउस एकच. एक पोरगा चालवतोय आणि बाकीचे बघतायत. दहा मिनिटांनी मागची पोरं टीव्ही बघितल्यासारखी बसली. किडे पण त्यांचेच, आमचे नाहीत, कारण इकडनं जैविक नमुने बाहेरच्या देशात पाठवायचे म्हणजे कायद्याची परवानगी-बिरवानगी आली, २००२ चा जैवविविधता कायदा आहे, शाळेनं त्या भानगडीत पडायचं नाही. पोरांना कासच्या पठारावरची सीतेची आसवं बघायची होती, त्या झाडाला बारीक फुगे असतात ज्यात ते सूक्ष्म जीव पकडतं. पण कासची फुलं तोडायला बंदी आहे आणि ती बरोबरच आहे. तर आम्ही बघितली अमेरिकेतली मुंगी.

मुंगी भारी होती ते कबूल. डोळ्यातले सगळे बारीक कप्पे दिसले, केस दिसले. तिकडच्या बाईंनी सांगितलं की नमुना सुकवून त्यावर काही नॅनोमीटर जाडीचा सोन्याचा थर देतात, कारण आत इलेक्ट्रॉनचा झोत पडतो आणि वीज वाहून जायला जागा नसली की चित्रात पांढरे ओरखडे येतात. आत सगळी निर्वात पोकळी. आणि रंग नाही कारण इलेक्ट्रॉनला रंग नसतो. हे मी मराठीत करून सांगितलं तर राजवाड्याजवळ ज्यांचं सोनाराचं दुकान आहे त्यांचा पोरगा म्हणाला, "मॅडम, मग ती मुंगी मोडीत घालता येईल का?" त्या संध्याकाळचं सगळ्यात चांगलं वाक्य हेच.

म्हणून माझं म्हणणं असं की लाइव्ह वाईट नाही, पण लाइव्हला जे लागतं ते आपल्याकडं नसतं. सलग चांगलं नेट, सोयीची वेळ, थोडी पोरं. रांगेतल्या दुर्बिणीला नेट कधीही दोन मिनिटं आलं तरी चालतं, लाइट गेली तरी तिकडची दुर्बीण थांबत नाही, आणि साठ पोरं असली तरी वेगवेगळे गट वेगवेगळं मागवू शकतात. शिवाय चालवायच्या आधी विचार करावा लागतो. लाइव्हमध्ये चुकलं की लगेच माउस हलवून दुरुस्त, त्यामुळं कुणी आधी विचारच करत नाही. इथं चुकीचा आकडा टाकला तर दोन दिवसांनी कळणार, म्हणून पोरं टाकायच्या आधी भांडतात. ते भांडण मला पाहिजे होतं.

ह्यात एक घोळ बऱ्याच जणांचा होतो म्हणून सांगते, ओलॅब्स वगैरे जे आहे ते वेगळं. अमृता विद्यापीठ आणि सी-डॅक मुंबईनं केलेलं ओलॅब्स चांगलं आहे, नववी ते बारावीचे प्रयोग आहेत, मराठीत पण आहेत, मी वापरते. पण ते सिम्युलेशन, म्हणजे कॉम्प्युटरवरचा लुटुपुटूचा प्रयोग. तिथं टायट्रेशन केलं की उत्तर येणारच. खऱ्या यंत्रावर ढग येतात, फोटो हलतो, मध्येच उपग्रहाची पांढरी रेघ ओढली जाते. एका गटाच्या फोटोत अशी रेघ आली तर त्यांना आधी वाटलं उल्का, मग धूमकेतू, मग एकानं ठामपणे सांगितलं एलियन. सिम्युलेशनमध्ये एलियन येत नाहीत.

मोठ्या दुर्बिणीची हौस असेल तर लास कुंब्रेस वेधशाळेचं जाळं आहे, जगभर आपोआप चालणाऱ्या दुर्बिणी, त्यात हवाईतल्या हालेआकालावर आणि ऑस्ट्रेलियातल्या सायडिंग स्प्रिंगला दोन-दोन मीटरच्या फॉक्स दुर्बिणी. वेळेच्या दृष्टीनं ह्या आपल्यासाठी जणू मुद्दाम बसवल्यात, हवाईत रात्रीचे दहा म्हणजे आपल्याकडं दुपारचा दीड, मधली सुट्टी. पण तिथं वेळ मिळवायची तर शिक्षण प्रकल्पामार्फत जावं लागतं, उठून कुणालाही बटण दाबता येत नाही. आधी मायक्रोऑब्झर्व्हेटरीवर हात बसू दे. आणि दहावीच्या पुढची ज्युनियर कॉलेजची पोरं असतील तर ह्याच छोट्या दुर्बिणींचे फोटो वापरून दुसऱ्या ताऱ्यांसमोरनं ग्रह सरकताना ताऱ्याचा उजेड किती कमी होतो ते मोजता येतं, नासाच्या एक्सोप्लॅनेट वॉचमध्ये हा डेटा वापरतात. सहा इंचांच्या आरशात परग्रहाची सावली! मी अजून केलेलं नाही पण पुढच्या वर्षी अकरावीच्या सरांच्या मागं लागणारे.

मायक्रोस्कोपचं म्हणाल तर मला वाटतं कोल्हापूरनं करावं. शिवाजी विद्यापीठात इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप आहे, साताऱ्याहून सव्वाशे किलोमीटरच्या आत. २०२० पासून आय-स्टेम म्हणून सरकारचं पोर्टल पण आहे जिथं देशभरातली अशी यंत्रं बुक करता येतात, पण ते संशोधकांसाठी, शाळेच्या पोरांसाठी तिथं खिडकी नाही. महिन्यातनं एक दुपार जरी शाळांना दिली तर वेळेचा प्रश्न मिटला, नमुने एसटीच्या पार्सलनं जातील, भाषा मराठी. सांगली-तासगावच्या पोरांनी द्राक्षाचं भुरी पडलेलं पान पाठवावं, त्यावर बुरशीच्या बीजाणूंच्या माळा असतात त्या त्यांच्या वडिलांनी रोज औषध मारताना कधी बघितलेल्या नसतील. हळदीची भुकटी पाठवावी. आम्ही शेतातलाच कुठलातरी मेलेला किडा पाठवू, आमचा आमचा. असलं झालं तर मी लाइव्हच्या बाजूनं लिहीन. तोपर्यंत जवळचं बघायला फोल्डस्कोप घ्या, मनू प्रकाश यांनी स्टॅनफर्डमध्ये केलेला कागदाचा मायक्रोस्कोप, १४० पट मोठं दिसतं, पोराच्या खिशात राहतो आणि त्याला हॉटस्पॉट लागत नाही.

कुणी सुरू करणार असेल तर थोडं. दिवाळीच्या सुट्टीनंतर सुरू करा, जूनमध्ये नको, वर सांगितलंय का ते. पहिल्यांदा चंद्र मागवा, कधी बिघडत नाही आणि पोरांना ओळखता येतो. पोरांचे ई-मेल टाकू नका, शाळेचा एक वेगळा काढा आणि गटाचं नाव, वस्तू, सेकंद, फिल्टर वहीत लिहूनच मग बटण दाबायला लावा, नाहीतर मेल आला की कुणाचा कुठला कळत नाही आणि परत भांडणं, ही भांडणं मात्र कामाची नसतात. ढगाळ फोटो आला तर फेकू नका, चांगल्याच्या शेजारी लावा. हेडसरांना पहिला दाखवायचा तो तेजोमेघ, गुरू नको. आणि मेल दोन दिवसांत आला नाही तर आधी स्पॅम फोल्डर बघा.